बाटली आणली का?

ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा. नाव नाही, वय नाही, गाव नाही. "बाटली आणली का?"

आम्ही सगळं आणलं होतं. भाऊचं आधार कार्ड, दोन चादरी, पाण्याची कॅन, वयनीचा भाऊ, शेजारचे दोघे. कीटकनाशकाची बाटली तेवढी नव्हती. ती वावरात धुऱ्यावर पडली होती आणि तिचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नव्हता.

ऑक्टोबरचा महिना होता. त्या वर्षी पाऊस लांबला आणि पराटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली. अशा उंच पराटीत फवारा मारायचा म्हणजे नळी वर धरावी लागते आणि मारलेलं सगळं अंगावरच येतं. भाऊ सकाळी सातला पंप पाठीवर घेऊन शिरला. बॅटरीचा पंप, झाकणाचा वायसर गेलेला, त्यातून थेंब थेंब गळून शर्टाची पाठ ओली झाली होती. कृषी विभागाकडून मिळालेलं सुरक्षा किट घरी खुंटीवर आहे. चष्मा, मास्क, हातमोजे, सगळं नवंकोरं. ऑक्टोबरच्या उन्हात ते घालून अर्धा तास पराटीत उभं राहून दाखवा, मग बोलू.

अकराच्या सुमारास तो घरी आला आणि ओसरीवर बसला. "मले गरगर करून रायलं. उन्ह लागलं असन." मग उलटी झाली. माय म्हणाली, मिठाचं पाणी पाजा, सगळं बाहेर पडेल. पाजलंही असतं, पण आशाताई शेजारीच राहतात, त्या धावत आल्या आणि त्यांनी तो पेला अक्षरशः हातातून घेतला. त्यांचं म्हणणं एकच: आधी कपडे काढा, साबणाने धुवा, आणि गाडी बघा. आम्ही मोरीवर बसवून त्याला धुतलं. तोवर तोंडाला फेस यायला लागला होता, दंडाचे स्नायू कातडीखाली वळवळत होते, जणू आत अळ्या चालतायत.

इथे आमच्या हातून जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. गाडीत त्याचं डोकं टेकवायला काही नव्हतं. कुणीतरी त्याचा काढलेला शर्टच घडी करून डोक्याखाली दिला. 14 किलोमीटर तो त्या ओल्या शर्टावर गाल टेकवून आला. रुग्णालयात सिस्टरला वास आला, तेव्हा तो शर्ट काढला गेला आणि त्याची मान, केस, गाल पुन्हा धुतले गेले. सिस्टर आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती मला अजून आठवते.

आता एक शब्दांचा घोळ. आमच्याकडे कीटकनाशकाला विष कुणी म्हणत नाही. औषध म्हणतात. "औषध मारलं" म्हणजे फवारणी केली. "औषध घेतलं" म्हणजे जीव द्यायला पिलं. एका क्रियापदाचा फरक. केसपेपर काढणाऱ्याने विचारलं, काय झालं? वयनीचा भाऊ घाबरलेला, तो म्हणाला, "औषधानं झालं." त्याने लिहिलं: औषध प्राशन. पुढचे दोन महिने मी त्या दोन शब्दांच्या मागे फिरलो.

डॉक्टर तरुण होत्या, बंधपत्रावर आलेल्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. छातीला नळी लावली तर मलाही उभ्याउभ्या खरखर ऐकू येत होती. त्यांनी लगेच अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. हा या विषावरचा उतारा. ते इवल्याशा काचेच्या अँप्यूलमध्ये येतं, एकात जेमतेम 0.6 मिलिग्रॅम. अशा रुग्णाला डोस दुप्पट दुप्पट करत न्यावा लागतो, दर पाच मिनिटांनी. सिस्टर एकामागून एक अँप्यूल टक् टक् फोडत होत्या आणि ट्रेमध्ये काचेच्या मानांचा ढीग साठत होता. त्यांच्या बोटाला काच लागली, त्यांनी कापूस दाबला आणि पुढची फोडली.

उपचार सुरू झाले होते, तरी डॉक्टर पुन्हा बाटलीवरच आल्या. "लक्षणं ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांची आहेत, पण त्यात नेमकं कोणतं? एकच होतं की मिसळलेलं? मला नाव हवंय."

मी पुतण्याला फोन लावला. तो सायकलवर वावरात गेला. बाटल्या सापडल्या, पण तिथे रेंज नाही. पोरगं विहिरीच्या कठड्यावर चढून फोटो पाठवत होतं आणि इकडे माझ्या मोबाइलवर ते गोल गोल फिरणारं चिन्ह. शेवटी दोन फोटो आले.

पहिली बाटली ओळखू आली. लेबल ओलं, पण वाचता येत होतं: प्रोफेनोफॉस 40 टक्के, सायपरमेथ्रिन 4 टक्के, ई.सी. खाली तो तिरका चौकोन. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर असतो, अर्ध्या भागात सूचना, अर्ध्यात रंग. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी शिक्षक आहे, पोरांना सिग्नलचे रंग शिकवतो, पण वीस वर्षं घरात येणाऱ्या या चौकोनाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. त्यातही गंमत अशी की सिग्नलच्या सवयीने हिरवा म्हणजे "खुशाल जा" असं वाटतं. तसं नाही. हिरवंही विषच, फक्त कमी.

दुसऱ्या बाटलीवर नुसतं पानाचं चित्र होतं आणि एक भारदस्त नाव. घटक कुठेच नाहीत. दुकानदाराने "टॉनिक आहे, सोबत मारा, बोंडं भरतात" म्हणून दिलेली. भाऊने दोन्ही एकाच पंपात ओतलं होतं.

डॉक्टरांनी दुसरा फोटो मोठा करून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि मग टेबलाच्या काचेखालून एक चिठ्ठी काढून फोन लावला. 1800 116 117. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र. ते 1995 पासून तिथल्या औषधशास्त्र विभागात चालतं, चोवीस तास, फोन फुकट. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की आमच्या तालुक्याच्या डॉक्टर एका हाताने भाऊची नाडी धरून दुसऱ्या हाताने दिल्लीशी बोलतायत.

पलीकडचा आवाज घाईत नव्हता. त्याने एकामागून एक विचारलं. वजन किती? संपर्क किती तास? कातडीतून की पोटातून? की दोन्ही? धुतलं का, केसांसकट? नाडी? बाहुल्या? छाती? आतापर्यंत अ‍ॅट्रोपिन किती गेलं? डॉक्टर केसपेपरच्या पाठीवर लिहीत होत्या. दुसऱ्या बाटलीबद्दल त्याने सांगितलं ते साधारण असं: घटक माहीत नसेल तर बाटलीकडे बघत बसू नका, रुग्णाकडे बघा. पण बाटली फेकूही नका. आणि मग तीन गोष्टी. अ‍ॅट्रोपिन बाहुली मोठी होईपर्यंत नाही, तर छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी-रक्तदाब सावरेपर्यंत. व्हेंटिलेटर असेल तिथे हलवा. आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी उठून बसला, बोलू लागला तरी चार दिवस सोडू नका. त्याला मान उचलायला सांगत राहा.

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला ते विचित्र वाटलं. मानेचा काय संबंध?

108 ची गाडी आली. जिल्ह्याचं वैद्यकीय महाविद्यालय 70 किलोमीटर. पुतण्या तोवर मोटारसायकलवर बाटल्या घेऊन पोचला होता, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून. मी त्या मांडीवर धरून बसलो. गाडीत ऑक्सिजन चालू, सोबतच्या डॉक्टरच्या हातात पुन्हा त्याच इवल्या अँप्यूल, आणि माझ्या मांडीवर ते "औषध".

मोठ्या दवाखान्यात प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न: बाटली? मी दाखवायचो. मग अतिदक्षता विभागाच्या बाहेर पोलीस चौकीचा हवालदार आला. विषबाधा म्हणजे एमएलसी, पोलिसांत नोंद करावी लागणारी केस, त्याला पर्याय नाही. त्याने केसपेपर वाचला. "प्राशन लिहिलंय. घरात काही भांडण?" मी सांगितलं, फवारणी करताना झालं. तो म्हणाला, "सगळे तेच सांगतात गुरुजी." माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर रोज काय येत असेल ते मला त्या बाकावर बसूनच दिसत होतं. पण कागदावर जे होतं ते होतं. त्याने जबाब लिहून घेतला आणि बाटल्या मुद्देमाल म्हणून सील करून नेल्या.

रात्री पाळी बदलली. नवे डॉक्टर आले आणि म्हणाले, बाटली आणली का?

बाटली आता पोलिसांकडे होती. मी मोबाइल पुढे केला. पुतण्याने विहिरीच्या कठड्यावर चढून काढलेले ते दोन फोटो पुढच्या बारा दिवसांत मी किमान पंधरा जणांना दाखवले असतील.

याच विषावरचं पाम नावाचं दुसरं इंजेक्शन पहिल्या दिवशी तिथे शिल्लक नव्हतं, बाहेरून आणावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मिळालं. बिलं मी जपून ठेवली, तेव्हा वाटलं होतं कुठेतरी लागतील.

दुसऱ्या दिवशी भाऊ शुद्धीवर आला, पण वेगळाच. अ‍ॅट्रोपिनचा अंमल. तोंड कोरडं, चेहरा लालबुंद, डोळे मोठे. आणि हात. उताणा झोपलेला तो दोन्ही हात वर करून हवेतून काहीतरी खुडत होता. तीन बोटांनी धरायचं, हलकेच ओढायचं, आणि कमरेशी नेऊन सोडायचं. एक, मग दुसरं. वयनी काचेतून बघत होती. ती म्हणाली, "कापूस येचून रायला." खरंच, वेचणीला कमरेला ओटी बांधतात तिथेच त्याचा हात जात होता. डॉक्टरांनी सांगितलं की या औषधाने भ्रम होतो, माणूस हवेतून वस्तू उचलल्यासारखं करतो, डोस कमी केला की जाईल. गेलंही. पण वयनी त्या दिवसानंतर वेचणीला उभी राहिली नाही, बायका लावून वेचणी केली.

संध्याकाळपर्यंत तो नीट बोलू लागला. मायशी फोनवर बोलला. आणि लगेच घरच्यांची चुळबुळ सुरू झाली. घरी नेऊ, इथे रोजचा खर्च, तिकडे बैल बांधून आहेत. काकांनी तर गाडीही ठरवली. मीही नेलं असतं, खोटं कशाला बोलू. पण तालुक्याच्या केसपेपरची ती पाठ, दोन रेघा मारलेली, अतिदक्षतेच्या फाइलला टाचलेली होती. डॉक्टरांनी ती दाखवली. "चार दिवस. त्याआधी सही करून न्यायचं तर तुमच्या जबाबदारीवर."

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "मान उचला." भाऊने प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोकं उशीवरून बोटभरही उठलं नाही. तो हसला, त्याला वाटलं अशक्तपणा आहे. डॉक्टर हसले नाहीत. दोन तासांत श्वास उथळ झाला आणि त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. या प्रकारात पहिला झटका ओसरल्यावर, एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. त्या वेळी माणूस घरी असला तर घरच्यांना वाटतं झोपलाय.

आठ दिवस नळी होती. त्याबद्दल फार लिहीत नाही. बाराव्या दिवशी आम्ही घरी आलो.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण कागदांची तिथून सुरू झाली.

गावात आधीच सगळ्यांनी सांगितलं होतं, सरकार दोन लाख देतं. तालुका कृषी कार्यालयात गेलो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. सातबारा, फेरफार, वयाचा दाखला, पोलिसांचा अहवाल, सगळं फाइलमध्ये लावून नेलं होतं, तीस दिवसांच्या आत. विषबाधा त्या योजनेच्या यादीत आहे, फवारणीतली सुद्धा. साहेबांनी फाइल चाळली, मग माझ्याकडे पाहून ओशाळवाणं हसले. मृत्यू झाला तर दोन लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. "भाऊ चालताबोलता आहे ना? देवाची कृपा. पण मग तक्त्यात बसत नाही."

मी भांडलो नाही. त्या माणसाच्या हातात तक्ता होता, तक्ता त्याने केला नव्हता. पण घरी येताना बसमध्ये मनात येत राहिलं: ज्याच्या हाताची पकड अजून आली नाही, ज्याचा रब्बीचा हंगाम पडीक जाणार, तो कोणत्या रकान्यात? मदतीची सगळी व्यवस्था शेवटाकडे तोंड करून बसली आहे. मधे जे वाचवणं असतं, त्याला फार थोडा पैसा लागतो. तालुक्याच्या एका टेबलावर काचेखाली फोन नंबर असावा लागतो, आणि पलीकडे रात्री तीन वाजता उचलणारा पगारी माणूस.

"प्राशन" शब्द दुरुस्त करायला तीन खेपा झाल्या. केसपेपरवर खाडाखोड चालत नाही, म्हणून डॉक्टरांचं वेगळं पत्र, त्यावर शिक्का, त्याची प्रत ठाण्यात. योजना मिळणार नव्हती, मग कशाला एवढं? भाऊने सांगितलं म्हणून. तो म्हणाला, "पोराच्या लग्नाच्या वक्ती कोणी कागद काढला तं? मी पेलो नोयतो." एवढंच.

दुकानातून कीटकनाशक निरीक्षकांनी नमुना घेतला. कायदा 1968 चा, नमुन्याचे तीन भाग करून सील करायचे, एक प्रयोगशाळेला, एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक कोर्टासाठी. हे नीट झालं, माझ्यासमोर झालं. पण टॉनिकपाशी गाडी अडली. ते कीटकनाशक म्हणून विकलेलंच नाही, मग ते या कायद्यात येतं की खताच्या? दोन टेबलांमध्ये त्यावर बरीच चर्चा झाली. त्या टॉनिकमध्ये काय होतं ते आजतागायत आम्हाला कळलेलं नाही.

मोकळ्या संध्याकाळी मी वाचत बसलो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तेव्हा पेपरात वाचून मी पान उलटलं होतं. विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली, किट वाटले गेले. आमच्या खुंटीवरचं ते त्यातलंच. बाहेरच्या देशांचंही वाचलं. अमेरिकेत 1953 साली शिकागोत पहिलं विष नियंत्रण केंद्र निघालं. आज तिथे पन्नासच्या वर प्रादेशिक केंद्रं आहेत, सगळ्या देशाला एकच नंबर, तो 2002 पासून. फोन लावला की तो तुमच्या भागातल्या केंद्रात वाजतो, आणि नर्स, औषधतज्ज्ञ नाहीतर डॉक्टर उचलतो. पोराने काहीतरी गिळलं म्हणून आईच थेट फोन करते, आणि असे बरेचसे फोन दवाखान्यात न जाता घरीच निस्तरतात. त्या केंद्रांना केंद्र सरकारचं अनुदान आहे, त्यासाठी 2000 साली स्वतंत्र कायदा झाला. अर्थात तिथेही सगळं आलबेल नाही. 2011 साली तिथल्या संसदेत हा पैसा जवळजवळ सगळाच कापायचा प्रस्ताव आला होता, आणि केंद्रांचा बराच खर्च राज्यं आणि दवाखाने मिळून भागवतात. इंग्रजी न येणाऱ्यासाठी मात्र तिथे दुभाषा लाइनीवर घेतात.

त्या शेवटच्या ओळीवर मी अडकलो. दिल्लीचा नंबर आमच्या डॉक्टरांनी लावला म्हणून काम झालं. तोच आशाताईंनी लावला असता तर? आशाताईंना हिंदी कळतं, पण घाबरल्यावर माणसाला आपलीच भाषा सुचते. "त्याले फेस येऊन रायला, आंग फडफडून रायलं" हे दिल्लीला कसं सांगायचं?

म्हणून मी दोन मागण्यांचा अर्ज केला. एक, हा नंबर प्रत्येक उपकेंद्राच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात असावा. दोन, विभागातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात मराठीत बोलणारं विष माहिती केंद्र असावं, निदान फवारणीच्या चार महिन्यांत. आधी ग्रामसभेचा ठराव घेतला. ग्रामसेवकाने विचारलं, हे कोणत्या विषयाखाली घालू? आरोग्य की कृषी? शेवटी "ऐनवेळचे विषय" खाली घातलं. मग एक प्रत आरोग्य खात्याला, एक कृषी खात्याला, आवक शिक्का मारून. एक प्रत ऑनलाइन पोर्टलवर. पोर्टलवरून एसएमएस आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. उघडून पाहिलं तर उत्तर होतं: सदर अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग. कृषीवाल्यांनी लिहिलं हा विषय आरोग्याचा. आरोग्यवाल्यांनी दूरध्वनी क्रमांक लावण्यास हरकत नाही असं लिहिलं, खर्चाबद्दल काही लिहिलं नाही. केंद्राच्या मागणीचं उत्तर अजून यायचंय. दर महिन्याला मी स्मरणपत्र टाकतो. आवक बारनिशीचा बाबू आता मला पाहून न विचारता शिक्का उचलतो.

हरकत नाही म्हटल्यावर आम्हीच पेंटर बोलावला. उपकेंद्राची भिंत, शाळेची भिंत आणि कृषी सेवा केंद्राच्या शटरशेजारची. वर "विषबाधा झाल्यास", खाली नंबर, त्याखाली तीन ओळी: कपडे काढा, साबणाने धुवा, बाटली सोबत न्या. मी शाळा सुटल्यावर बघायला गेलो. अक्षर झकास. सहज मोबाइलवर जुळवून पाहिलं तर शाळेच्या भिंतीवर शेवटचे आकडे 117 ऐवजी 177. पेंटर म्हणाला, "एका आकड्यानं काय होते गुरुजी?" त्याने पांढरा रंग मारून वर एक काढला. पण जुना सात काही पुरता गेला नाही. ऊन कलतं झालं की एकाच्या मागे तो अजून दिसतो, म्हणून मी सहावीच्या पोरांकडून तो नंबर तोंडपाठ करून घेतलाय.

भाऊने यंदा फवारणीला माणूस लावायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे बोलला होता. जुलैच्या एका सकाळी शाळेत असताना माझा मोबाइल वाजला. भाऊकडून फोटो. बाटलीचं लेबल, एकदम जवळून, पाठीमागे हिरवी पराटी, जेमतेम गुडघ्याएवढी. खाली लिहिलं होतं, "सुरू करून रायलो. वायसर नवा टाकला."

घटकाच्या नावावर नेमका त्याचा अंगठा आला होता. मी लिहिलं, "अंगठा काढून पुन्हा पाठव. आणि किट घाल."

दुसरा फोटो आला. नाव स्पष्ट होतं, चौकोन निळा. बाटली धरलेल्या हातात मोजा नव्हता.